हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा आणि खेळाखेळांतील कष्ट

कोणत्या व्यावसायिक खेळात शरीराचा सर्वाधिक कस लागतो, याचे उत्तर आकड्यांत मिळावे म्हणून मी छातीवर बांधायचा हृदयगती मोजणारा पट्टा घेतला आणि गेले आठ महिने माझ्याकडे सराव करणाऱ्या टेनिस, फुटबॉल व मुष्टियुद्धाच्या खेळाडूंसाठी तो वापरला. अचूकतेत तो मनगटी घड्याळापेक्षा निःसंशय सरस आहे. घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहावरून ठोके ओळखते, त्यामुळे रॅकेटची मूठ आवळली किंवा मनगट झटक्याने वळले की त्याचे आकडे भरकटतात. पट्टा मात्र हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. तो बांधण्यापूर्वी आतली बाजू ओली करावी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

त्याचे खरे मोल मुष्टियुद्धात कळले. पुरुषांच्या व्यावसायिक लढतीत फेरी 3 मिनिटांची, विश्रांती 1 मिनिटाची, आणि विजेतेपदासाठी अशा 12 फेऱ्या. सरावाच्या पहिल्या फेरीनंतर स्टुलावर बसलेल्या एका खेळाडूचे ठोके मिनिटभरात 182 वरून 140 पर्यंत उतरले; सहाव्या फेरीनंतर तेच मिनिट सरले तरी ते 165 वरच अडकले होते. हनुवटीजवळचे हात खाली घसरू लागले ते त्याच्या पुढच्या फेरीत. थकव्याची चाहूल इतकी आधी लागणे ही प्रशिक्षकासाठी फार मोठी गोष्ट आहे.

टेनिसचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो, कारण बहुतेक गुण काही सेकंदांत संपतात आणि पुढच्या सर्व्हिसपूर्वी 25 सेकंदांपर्यंत उसंत मिळते. मात्र सामना किती चालेल याचा नेम नसतो. 2010 च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटे चालला होता. फुटबॉलमध्ये मधल्या फळीतला खेळाडू 90 मिनिटांत साधारण 10 ते 12 किलोमीटर अंतर कापतो, तेही थांबत, वळत आणि धडका सोसत.

माझी तक्रार आहे ती सोबतच्या अ‍ॅपविषयी. ते प्रत्येक सत्राला 'भार' म्हणून एकच आकडा देते आणि त्यावरून खेळांची क्रमवारी लावते. त्यामुळे तासभर एका लयीत चालवलेली सायकल आणि मुष्टियुद्धाचा सराव सारखेच ठरतात. बरगडीवर बसलेला ठोसा, कठीण कोर्टवर अचानक थांबताना घोट्याने झेललेले वजन, हेडरसाठी उडी घेतल्यावर मानेला बसणारा हिसका, यांपैकी काहीच त्या आकड्यात उतरत नाही. पोहण्याची तुलना तर त्याहून फसवी, कारण पाण्यात आडव्या शरीराचे ठोके जमिनीवरच्या तेवढ्याच कष्टांपेक्षा कमी पडतात.

एकाच खेळाडूची आजची अवस्था कालच्याशी ताडून पाहायची असेल, तर हा पट्टा जरूर घ्यावा. खेळाखेळांत डावे-उजवे ठरवण्यासाठी तो घेऊ नये. मी आता पट्ट्याच्या आकड्याशेजारी वहीत उड्या, धडका आणि अंगावर बसलेले ठोसे वेगळे मोजून लिहितो.