दारोदारची देणगी की कंपन्यांचा सीएसआर? व्यसनमुक्ती संस्थेत निधी उभारणीची नोकरी धरताना

ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात या कामाच्या ढोबळ दोन वाटा आहेत. एक म्हणजे सोसायट्यांत, मॉलमध्ये, स्टेशनाबाहेर उभं राहून देणगीदार जोडायचे, शक्यतो दर महिन्याला ठरावीक रक्कम देणारे. दुसरी म्हणजे ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांकडून सीएसआरचा, म्हणजे त्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी आणायचा. मी आधी पहिलं काम केलं, आता दुसरं करते. त्यामुळे कुठलं घ्यावं असं कुणी विचारलं की मी पगारापासून सुरुवात करत नाही.

मुलांच्या शाळेसाठी मागायला गेलात तर समोरचा निदान हळहळतो. इथे पहिलंच वाक्य येतं, "स्वतःच्या पैशानं प्यायला, आता आम्ही का भरायचं?" हे ऐकून राग न येता, उलट उत्तर न देता आजाराबद्दल बोलता येतं का, यावर सगळं अवलंबून आहे. दारात हे वाक्य तोंडावर येतं, कॉन्फरन्स रूममध्ये जरा इस्त्री होऊन येतं.

दारोदारचं काम संध्याकाळी सहा ते नऊ आणि शनिवार-रविवार. आधी सेक्रेटरीची परवानगी, मग लिफ्टनं वर जाऊन एकेक मजला खाली उतरत यायचं. बरेच जण विचारतात, "एए तर फुकट असतं ना?" खरं आहे. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट; तो बाहेरच्यांची देणगी घेतच नाही, सभासदच खर्च भागवतात. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. त्या दिवसांत डॉक्टर, नर्स आणि खाट लागते. पैसे त्यासाठी, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

पावतीचंही सरळ सांगा. संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असेल तर साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेवर वजावट मिळते, पण २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर नाही, आणि नव्या करप्रणालीतही नाही. मी ज्या एजन्सीमार्फत लागले होते तिथे हे शेवटचं सांगू नका म्हणायचे. टार्गेट असं होतं की महिन्याच्या अखेरीला पोटात गोळा यायचा. एजन्सीपेक्षा थेट संस्थेच्या पगारावर जा, हे मी ठामपणे सांगेन.

तरी त्या कामाची एक आठवण पुसत नाही. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत एका बाईंनी मला "नको" म्हणून दार लावून घेतलं. मी गेटपाशी पोचले तर त्या मागून खाली आल्या, हातात पिशवी, भाजीला निघाल्यासारख्या. माझं पत्रक त्यांनी घेतलं नाही, त्यावर 'व्यसनमुक्ती' मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. दुधाच्या बिलामागे नंबर लिहून घेतला आणि बिल चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवलं. देणगीच्या हिशेबात ती संध्याकाळ शून्य होती.

सीएसआरच्या कामात असं घडत नाही. तिथे लॅपटॉप, प्रस्ताव, बजेट आणि खर्चाचे दाखले. कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. एक होकार आला की वर्षभराच्या खाटा निघतात. पण तो होकार यायला महिनोन्‌महिने लागतात, आणि कंपनीच्या सीएसआर समितीला मोजता येणारं हवं असतं. "यातले किती जण कायमचे सुटले?" हा प्रश्न हमखास. घसरणं, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिणं, हा या आजाराचाच भाग आहे, परत आलेला पेशंट म्हणजे वाया गेलेला पैसा नव्हे, हे एक्सेलच्या रकान्यात बसवणं फार अवघड जातं. आकडा फुगवायचा मोह होतो. फुगवू नका. पुढच्या वर्षी तोच आकडा मानगुटीवर बसतो.

एमआयडीसीत आणखी एक मागणी येते, "आमच्याच चार ऑपरेटरना भरती करून घ्या." माणुसकीनं ठीक, पण फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. तो वेगळा घ्यायचा. आणि कुणी पेशंटचे फोटो मागितले तर स्पष्ट नाही म्हणा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक त्रासही येतो, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. वॉर्डात असलेल्या माणसानं मान डोलावली, तरी ती संमती मला पुरेशी वाटत नाही.

तुम्ही स्वतः सोबर, म्हणजे व्यसन सोडलेले, असाल आणि एएसारखी संध्याकाळची मीटिंग तुमचा आधार असेल, तर दारोदारचं काम नेमकं तीच वेळ खातं. पण कंपन्यांच्या कार्यक्रमांतही ग्लास फिरतात, तेही धरून चला. घरात कुणी पीत असेल तर पहिले सहा महिने दारं टाळा, प्रत्येक दारात आपलंच घर दिसतं. यातलं काही नसेल तर मी म्हणेन, वर्षभर दारं करा, मग सीएसआरकडे जा. दारं न केलेला माणूस समितीसमोर पुस्तकी बोलतो.

नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी मात्र एक विचारा: रात्री साडेआठला दारात कुणी रडायला लागलं, तर मी फोन कुणाला लावायचा? १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहेच, पण संस्थेच्या समुपदेशकाचं नाव आणि नंबर त्यांनी तिथल्या तिथे द्यायला हवा. दिला नाही, तर ती नोकरी घेऊ नका.