तीन टप्प्यांचा हातपंप: एअर पिस्तूलचं सिलिंडर भरायला घ्यावा का?

एक-दोन नेमबाज असतील तर खुशाल घ्या. दहा जणांच्या क्लबला मात्र हा पंप पुरणार नाही, सगळ्यांचे हात भरून येतील.

मराठवाड्यात १० मीटर एअर पिस्तूलवाल्यांपुढे २०० बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) हवा आणायची कुठून, हाच आधी प्रश्न असतो. नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) जवळ असला तरी स्कुबाची, म्हणजे पाणबुड्यांच्या हवेची, टाकी भरायला पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारलाच दम टाकतो. वेल्डिंगच्या दुकानात १५० बारचं ऑक्सिजन सिलिंडर उभं दिसतं आणि मोह होतो, पण तो ऑक्सिजन पिस्तुलात कधीही भरू नका. ग्रीसचा नुसता अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

सिलिंडर १०० बारवरून २०० वर न्यायला साधारण ६० ते १०० दट्टे लागतात. दट्टा पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि खाली एक सेकंद थांबून. अर्धवट दट्ट्यात हवा दाबण्याचा शेवटचा टप्पा काम करत नाही, नुसता घाम निघतो. ५० दट्ट्यांनंतर ब्लीड स्क्रू उघडून दाब सोडा आणि पंप पाच मिनिटं थंड होऊ द्या. सिलिंडर काढण्याआधीही ब्लीड करायचंच, नाहीतर जोड हलत नाही, आणि पाना लावून जबरदस्ती केली की आटे जातात. पंपाचा आणि सिलिंडरचा मॅनोमीटर (दाब दाखवणारा काटा) जुळत नसतील तर जो जास्त दाखवतो त्यावर थांबा.

जोडाचं आधी बघून घ्या. स्टेयर, वॉल्थर, मोरिनी, पार्दिनी या पिस्तूल कंपन्यांचे अडॅप्टर एकमेकांना बसतीलच असं नाही, आणि पंपाच्या नळीचं टोक बहुतेक वेळा तिसरंच असतं. मध्ये कन्व्हर्टर लागतो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. डाउटी वॉशर (धातूच्या कड्यात रबर बसवलेला) टाका.

उन्हाळ्यात २०० चा आकडा फसवा ठरतो. २५ अंशांना २०० बार भरलेलं सिलिंडर ४३ अंशांना २१२ दाखवतं, आणि मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत ६५ अंश झाले तर २२७. प्रवासाला निघताना १७५ वर थांबा. सिलिंडरवरची मुदत, बहुतेकांची उत्पादनापासून १० वर्षं, संपली असेल तर स्पर्धेत चालत नाही. ती तारीख बघणं खेळाडूचीच जबाबदारी.

पावसाळ्यात पाणी त्रास देतं. भादव्यातल्या दमट हवेत १० लिटरमागे तीन-चार थेंब पाणी असतं. प्रत्येक भरणीला त्यातलं थोडं जरी आत राहिलं तरी ॲल्युमिनियमला आतून पांढरी बुरशीसारखी गंज धरते आणि रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) बिघडतो. म्हणून हवा आत घेण्याच्या तोंडावर सिलिका जेलची डबी बसणाराच पंप घ्या. निळे दाणे गुलाबी झाले की ११०-१२० अंशांवर वाळवा, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

वंगण फक्त सिलिकॉन ग्रीसचं, तेही बोटाला जेमतेम चिकटेल इतकं. मशिनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला की दाबानं तापलेल्या हवेत त्याची वाफ पेट घेते, डिझेल इंजिनात होतं तसं.

बिघाड ओळखणं सोपं. दट्टा आपोआप वर येत असेल तर शेवटच्या टप्प्याचा व्हॉल्व्ह गळतोय. दट्टा हलका लागतो आणि काटा चढत नाही, तर ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) गेली. काढून पाहिली की कडेनं कुरतडल्यासारखी दिसते. इथे बरेच जण ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) साधी रिंग टाकतात. ती एवढ्या दाबाला फटीत घुसते आणि चिरते. ९० शोअरची मागा. ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक सील विकणाऱ्यांकडे लातूर, नांदेड, वाळूज कुठेही विचारा, जुनी रिंग सोबत न्या. आकार नजरेनं सांगू नका, व्हर्नियरनं मोजून द्या. पंपासोबत सुट्ट्या ओ-रिंगचा संच न देणाऱ्या दुकानातून पंप घेऊच नये, कारण पहिल्या वर्षातच तो लागतो.