तुर्की गालिचा, दहा महिन्यांनंतर

मागच्या सप्टेंबरात तुर्कस्तानात आयवाजिकजवळच्या एका गावातून घेतला, १२० बाय १८० सेमी, हाताने विणलेला, पूर्ण लोकरीचा. तेव्हापासून आमच्या श्टुटगार्टच्या हॉलमध्ये दोन पोरं रोज तुडवतायत.

पहिले दोन महिने लोकर गळते, घाबरू नका, थांबते. व्हॅक्युमचा फिरता ब्रश मात्र बंदच ठेवा, आमच्याकडे त्याने एका बाजूच्या दशा खाल्ल्या, आणि दशा म्हणजे वरून शिवलेली झालर नव्हे, तो ताणाच (विणकामातले उभे धागे) असतो, त्यामुळे कड उसवायला लागली.

रंगासाठीच पैसे मोजलेत म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. आधी एका टुरिस्ट बाजारातून 'नैसर्गिक रंग' म्हणून घेतलेल्या छोट्या गालिच्याचा लाल पहिल्याच सांडलेल्या चहात पसरला होता. यावरही चहा सांडला, ओल्या पांढऱ्या फडक्याने टिपला, लाल अजिबात उतरला नाही. हा लाल मंजिष्ठेच्या मुळांचा (आपल्या आयुर्वेदातलीची जवळची बहीण). १९व्या शतकात रासायनिक रंग आले आणि ही विद्या मागे पडली, मग हाराल्ड ब्योमर नावाच्या जर्मन शिक्षकाने जुन्या गालिच्यांतले रंग तपासून काढले आणि १९८१ मध्ये मार्मारा विद्यापीठाच्या साथीने दोबाग प्रकल्प याच आयवाजिकच्या गावांत सुरू झाला, तिथल्या बायका परत झाडपाल्याचे रंग वापरायला लागल्या. मधेच एखादा पट्टा फिका दिसतो तो दोष नाही, रंगाचा घाणा बदललेला असतो, त्याला अब्राश म्हणतात.

उलटा करून गाठी मोजल्या, १० सेमीत ३० आडव्या, ३५ उभ्या, म्हणजे चौरस मीटरला लाखभर. हेरेके या तुर्की गावच्या रेशमी गालिच्यात दहा लाख असतात, पण ही ठसठशीत भौमितिक नक्षी, हिला तेवढ्या लागतच नाहीत. तुर्की गाठ ताण्याच्या शेजारच्या दोन्ही धाग्यांना वेढा घालते, पोराने चिमटीत धरून ओढून पाहिलं, एकही सुटली नाही.

जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या तुर्की काकूंनी कोरड्या बर्फावर पालथा टाकून बदडायला लावला, उचलला तर खाली करडा चौकोन! तेव्हाच त्यांनी कमरेवर हात ठेवलेली बाई दाखवली नक्षीत, एलिबेलिंदे, मी इतके महिने तिला फूल समजत होते.

तक्रारी दोन. गुळगुळीत फरशीवर सरकतो, खाली रबरी जाळी घ्यावीच लागली. आणि सोफ्याखालच्या भागाला कसर लागायला आली होती, आता दर महिन्याला फिरवून टाकते.