हब मोटर की मिड-ड्राइव्ह? कोकणातल्या चढांचा विचार करून

ई-सायकल घ्यायला गेलं की बोलणं बॅटरीवरच अडतं. कोकणात मात्र आधी विचारा, मोटर कुठे आहे?

आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींना मागच्या चाकात हब मोटर असते. ती चाक थेट फिरवते, गिअर बदलून तिला काहीच मदत होत नाही. हर्णैहून दापोलीकडे चढताना वेग पडला की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि बॅटरी भराभर उतरते. मिड-ड्राइव्ह पेडलजवळ बसते, तिचा जोर साखळीतून गिअरवर जातो. मागची मोठी चकती लावा, हबइतक्याच २५० वॅटच्या ताकदीत चढ निघतो. वजन मध्यभागी असल्याने खडबडीत रस्त्यावर तोलही छान राहतो. मला चालवायला हीच आवडते.

पण तिचा सगळा भार साखळीवर, आणि इथे खारी हवा नि वाळू. पुसून तेल दिलं नाही तर साखळी लवकर झिजते. तुटली तर मोटर निरुपयोगी. थ्रॉटलवाली, म्हणजे पेडल न मारता चालणारी हब तेव्हाही घरी पोचवते. मात्र तिचं मागचं चाक पंक्चर होऊन काढावं लागलं तर आधी मोटरची वायर सोडवावी लागते, हे पंक्चरवाल्याला सांगा.

हब बरीच स्वस्त, म्हणून बाजार तिचाच. गुहागरच्या किनाऱ्यालगत फिरायला पाहुण्यांना भाड्याने द्यायची तर हबच घ्या. रोज घाटी चढायची असेल तर मिड-ड्राइव्हसाठी थांबा, पण सुटे भाग जवळ कुठे मिळतात ते विचारूनच पैसे भरा.