नुसती चेन, चेन-कॅसेट की पूर्ण सेट? रोड बाइकवाल्यांसाठी

जोर लावला की चेन दात सोडून उडते, अशी तक्रार घेऊन गेलात की दुकानात तीन उत्तरं मिळतात: चेन बदला, चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा) जोडीनं बदला, किंवा "भाऊ, पूर्ण सेटच टाकून घ्या ना". तिसरं ऐकलं की आधी पट्टी मागा.

पट्टी स्टीलची, बारा इंची. चेन सायकलवरच ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का, 1/8 इंच गेली तर एक टक्का. 11 आणि 12 स्पीडची (म्हणजे मागे तितकी चक्रं असलेली) चेन अर्ध्या टक्क्यालाच काढा, 8 ते 10 स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. इथवर आकडा असेल तर नुसती चेन पुरते, आणि तिन्हींत स्वस्त पर्याय हाच.

एक टक्का ओलांडला की हिशेब बदलतो. लांबलेल्या चेननं कॅसेटचे दाते आपल्या मापाचे घासून घेतलेले असतात, मग त्यांवर नवी चेन नीट बसत नाही. अशा वेळी मिस्त्री मागची मोठी चक्रं दाखवून "कॅसेट तर नवीच आहे" म्हणतो. नागपुरात ती नवीच दिसणार! सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर आपलं गाव सपाट, वर्धा रोड असो की काटोल रोड, आपण तीन-चार लहान चक्रांवरच फिरतो. मुळात दाते कमी म्हणून ती लवकर झिजतात. नवी चेन टाकून याच चक्रांवर, उभं न राहता, हळूहळू जोर वाढवून बघा. उडाली तर कॅसेट गेली. आणि उभ्यानं पेडल मारताना चेन सटकली तर छाती थेट हँडलवर आपटते, म्हणून "चालवू अजून थोडे दिवस" इथे नको.

चेनरिंगची, म्हणजे पेडलजवळच्या पुढच्या मोठ्या चक्रांची, घाई मात्र करू नका. दाते जास्त, त्यामुळे झीज वाटली जाते. एका रिंगवर दोन-तीन कॅसेट सहज निघतात. दाते एका बाजूला वाकून अणकुचीदार झाले किंवा नवी चेन खालून सुटताना अडकायला लागली, तरच बदला. तेव्हाही बहुधा एकच रिंग लागते. काही स्वस्त क्रँकमध्ये (पेडलच्या दांड्यांचा भाग) रिंगा रिव्हेटनं ठोकलेल्या असतात, तिथे नाइलाज.

पूर्ण सेट म्हणजे बहुतेकदा 8 स्पीडवरून 11 वर जाणं. मग शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), दोन्ही डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग), चेन, कॅसेट असं सगळंच आलं. शिवाय शिमानोची 11 स्पीड रोड कॅसेट जुन्या 8-9-10 च्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सहसा बसत नाही, तिला 1.85 मिलिमीटर जास्त रुंद फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतो, म्हणजे चाकही आलं. शिफ्टरच मेला नसेल तर माझ्या मते हा खर्च वायाच.

चौथा पर्याय दुकानात कोणी सांगत नाही: काहीच न बदलता सगळं एकत्र मरेपर्यंत चालवायचं. शिमानोच्या क्लॅरिस या साध्या सेटची 8 स्पीड असेल, रोज घर ते ऑफिस एवढंच फिरणं असेल आणि चेन उडत नसेल, तर हे शहाणपणाचंच आहे. 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब राइड) करणाऱ्यांनी मात्र असलं करू नये. साडेतेरा तासांच्या मुदतीत हायवेवर मिस्त्री शोधत कोण बसणार?

काहीही निवडलं तरी उन्हाळ्यात चेनवर जाड तेल ओतू नका. सिमेंट रोडच्या कडेची धूळ त्यात मिसळली की घासायची पेस्टच तयार होते. पातळ तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, मग वरून कोरडं पुसून घ्या.

नवी चेन तोडताना लांबी जुनीच्या शेजारी ठेवून मापू नका, जुनी ताणलेली असते, कड्या मोजा. आणि शिमानोची 11 किंवा 12 स्पीडची क्विक लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) असेल तर एकदा उघडलेली परत लावू देऊ नका, नवीच घ्या.