शासनाकडे अडकलेला क्लेम: कलम ३०, एमएसएमई कौन्सिल की कमर्शियल कोर्ट?

बिल मंजूर आहे, एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) नोंद आहे, पण निधी नाही म्हणून पैसे थांबलेत, अशांचा प्रश्न वेगळा. रकमेबद्दल वादच नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करता येतो. मी लिहितोय ते विभागाला जो क्लेम मान्यच नाही त्याबद्दल: वाढीव प्रमाण, जादा बाबीचा दर, चुकीचा लावलेला दंड, अडवून ठेवलेली सुरक्षा ठेव. सार्वजनिक बांधकामच्या बी-१ करारावर (विभागाच्या ठराविक नमुन्यातल्या करारावर) काम केलेल्याला हे शब्द समजावून सांगायला नकोत.

माझं काम एका लहान पुलाचं होतं. पायाच्या खोदाईत कठीण खडकाचं प्रमाण निविदेत अगदी थोडं धरलेलं, प्रत्यक्षात खाली सगळा काळा पाषाणच. ब्रेकर लावून फोडला. शाखा अभियंता स्वतः खड्ड्यात उतरले, पंप चालू, गुडघाभर गढूळ पाणी. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. त्याच संध्याकाळी मापं एमबीत चढली आणि पुढे उपअभियंत्यांनी तपासून सहीही केली. माझं मागणं एवढंच, की करारातल्या कलम ३८ प्रमाणे निविदेतल्या प्रमाणाच्या सव्वापटीपुढच्या कामाला चालू दरसूचीचा दर द्या.

पहिला मार्ग अर्थातच त्याच करारातलं कलम ३०. अधीक्षक अभियंत्यांकडे दाद मागायची, त्यांचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत मुख्य अभियंत्यांकडे, आणि तिथेही नाही जमलं तर शासनस्तरावर. फी नाही, वकील नाही, संबंध बिघडत नाहीत. ज्या विभागात पुढची निविदा भरायची आहे तिथे हे मोलाचं असतं, आणि लहान रकमेसाठी आजही मी आधी इथेच जाईन.

पण माझं गाडं अडलं ते इथेच. मुख्य अभियंत्यांकडे जायचं तर अधीक्षकांचा आदेश हातात हवा, आणि आदेश निघतच नव्हता. एक वर्ष सात महिने मी फेऱ्या मारल्या. ‘फाईल पुटअप झालीय’, ‘विभागाचा अभिप्राय मागवलाय’, ‘साहेब मंत्रालयात गेलेत’. मधल्या काळात अधीक्षक बदलले आणि नव्या साहेबांसमोर पहिल्यापासून सांगणं आलं. नकारसुद्धा कोणी लिहून देईना. माझ्या फायलीत माझीच अकरा पत्रं, प्रत्येकावर आवक शिक्का, आणि उत्तर एकाचंही नाही. एका अधिकाऱ्यांनी मनापासून सांगितलं, ‘तुमचं बरोबर आहे हो, पण मी होय लिहिलं तर उद्या ऑडिटच्या आक्षेपाला उत्तर मलाच द्यावं लागेल.’ मला त्यांचा राग आला नाही. होय लिहिणाऱ्याला त्रास आहे, न लिहिणाऱ्याला काहीच नाही, अशी ती रचना आहे.

या गप्प बसण्याची खरी किंमत मुदतीत मोजावी लागते. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. वरिष्ठांकडे अर्ज पडून आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. मुदतीच्या आत विभागाने सही करून देणं मान्य केलं, तर त्या तारखेपासून नवी मुदत मिळते. पण त्यासाठीही लेखीच लागतं. कलम ३० म्हणजे लवाद, असं समजून बसलेले अजून भेटतात. बी-१ मधलं हे कलम लवादाचा करार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे.

आता एमएसएमई कौन्सिलबद्दल, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेबद्दल, थोडक्यात. कागदावर हा सगळ्यात गोड मार्ग. २००६ च्या एमएसएमई कायद्यात बँक दराच्या तिप्पट व्याज आहे, तेही दरमहा चक्रवाढ, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. पण मुंबई उच्च न्यायालयाने वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट) या कायद्यात बसत नाही असं एकाहून अधिक निकालांत म्हटलंय. खडी, पाइप, यंत्रसामग्री असा निव्वळ पुरवठा असेल तर जरूर जा. पूल आणि रस्तेवाल्यांनी यावर वर्षं घालवू नयेत, असं मला वाटतं.

राहिलं कमर्शियल कोर्ट. बांधकामाच्या करारातला, तीन लाखांपासून पुढचा वाद इथे चालतो. आधी शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, आणि तातडीचा दिलासा नको असेल तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी. दोन्हींचा काळ मुदतीतून वगळला जातो. नोटिशीत व्याजाची मागणी स्पष्ट लिहा, १९७८ च्या व्याज कायद्याखाली ती तारीख उपयोगी पडते. खर्च आहेच: वकिलाची फी, रकमेप्रमाणे वाढत जाणारी कोर्ट फी (महाराष्ट्रात कमाल दहा लाख), आणि कचेरीत गेल्यावर बदललेले चेहरे. शिवाय हुकूमनामा झाला तरी शासनाविरुद्ध तीन महिने अंमलबजावणी मागता येत नाही.

तरीही माझं मन या बाजूला झुकलं, कारण इथे शासनाला लिहावं लागतं. समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) आली नाही, तर ती देण्याचा हक्कच जातो. आमच्यात ती १०९ व्या दिवशी आली. त्यात विभागाने एमबीतली मापं मान्य केली होती आणि वाद फक्त दरावर ठेवला होता. दीड वर्षात जे वाक्य मला कोणी लिहून दिलं नव्हतं, ते तिथे सहीशिक्क्यानिशी होतं. निकाल लागल्यावर तेच अधिकारी मोकळेपणाने बोलले. कोर्टाचा हुकूम पाठीशी असला की ऑडिटला उत्तर देणं सोपं जातं. पैसे अंमलबजावणीचा अर्ज केल्यावर आले, व्याज मात्र मागितलं होतं त्याहून कमी.

प्रत्येकाचं प्रकरण वेगळं. तुमचे अधीक्षक आदेश काढणारे असतील तर कलम ३० ने काम होईलही. मी आता असं करतो: अंतिम बिलावर ‘हक्क राखून’ असं लिहूनच सही करतो, एमबीच्या पानांच्या प्रती काम चालू असतानाच मागून घेतो, अधीक्षकांकडे अर्ज देतो आणि सहा महिने वाट बघतो. आदेश नाही आला तर नोटीस. तुमचं काम संपून अडीच वर्षं होत आली असतील, तर तेवढीही वाट बघू नका. याच आठवड्यात फाईल घेऊन वकिलाकडे जा.