विमानाचं नाव मीच सांगितलं

जुन्या फोटोंवरून विमानं ओळखायचा नाद मला पंधराएक वर्षांचा आहे. शेपटीचा आकार, दोन पंखांमधल्या दांड्या, इंजिनं कुठे बसवलीत, चाकं किती, एवढ्यावरून नाव काढायचं. फोटो जितका धूसर तितकी मजा जास्त. त्याच मजेपायी मी पुरता गंडलो. आणि ज्यानं गंडवलं तो माझ्याशी एक वाक्य तरी खोटं बोलला, हे मला आजही सिद्ध करता येत नाही.

एका अनोळखी माणसाचा निरोप आला. आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो सापडलाय, मला विमानांतलं काही कळत नाही, तुम्ही जाणकार आहात असं ऐकलं, जरा बघता का सर? सोबत मोबाइलवर काढलेला त्या फोटोचा फोटो. तिरका उजेड, डावीकडचा खालचा कोपरा दुमडून पांढरी घडी पडलेली. हवेत एक अवाढव्य विमान, तीन मजली पंखांचं. पंखांची टोकं दोन्हीकडून चौकटीबाहेर गेलेली, शेपूट धुरकट. पाठीमागे पेन्सिलीनं काहीतरी इंग्रजीत खरडलेलं. ‘हे काही मला लागत नाही,’ असं त्यानं लिहिलं होतं. मला लागलं: फार्नबरो, एप्रिल १९१९.

त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते सांगायला हवं. टॅरंट टेबर नावाचं एक ब्रिटिश बॉम्बर होतं. तीन पंख, सहा नेपियर लायन इंजिनं, मधल्या पंखाची लांबी जवळजवळ चाळीस मीटर. एकच बनलं. सहांपैकी चार इंजिनं खालच्या आणि मधल्या पंखाच्या दरम्यान होती, उरलेली दोन त्यांच्या डोक्यावर, मधल्या आणि वरच्या पंखात. २६ मे १९१९ ला फार्नबरोच्या धावपट्टीवर खालच्या चार इंजिनांवर वेग घेतला, शेपूट उचललं गेलं, मग वरची दोन इंजिनं पूर्ण ताकदीनं सोडली. इतक्या उंचावरून जोर लागल्यावर दुसरं काय होणार, विमान नाकावर पालथं झालं. दोन्ही वैमानिक दगावले. टेबर कधी उडालंच नाही, हे या छंदातल्या कुणालाही ठाऊक असतं.

आणि माझ्यासमोर ते हवेत होतं, अपघाताच्या महिनाभर आधी!

शहाण्या माणसानं इथे म्हटलं असतं, मग हे टेबर नसणार. मी म्हटलं, मग इतिहास चुकला. मधल्या आणि वरच्या पंखात दोन काळे ठिपके दिसत होते, त्यांची मी लगेच इंजिनं केली. आणि त्याला लिहिलं, ‘हे टॅरंट टेबर आहे.’ नाव मी घेतलं. त्यानं विचारलं, ‘असं होय? त्याला काही किंमत असते का?’ यावर मी त्याला दीड पानी उत्तर पाठवलं. विक्रेत्याला त्याच्या मालाची थोरवी गिऱ्हाइकानं पटवून द्यायची, असा हा सौदा.

मग तो म्हणाला, विकायचा विचार नाही, आजोबांची आठवण आहे. तीन दिवसांनी म्हणाला, अजून एकांनी विचारलंय, पण ते मला तुमच्याइतके प्रामाणिक वाटत नाहीत. मी आपण होऊन आकडा वाढवला, एकदा नाही, दोनदा. ‘तुमचा एवढा जीव आहे त्याच्यात, तर तुम्हीच ठेवा,’ असं म्हणून शेवटी त्यानं होकार दिला. चार महिन्यांची बचत गेली.

पाकीट आलं. फोटो हातात घेतला, आणि सवयीनं त्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. अंगठा सरळ गेला. पुन्हा फिरवला. कोपरा काचेसारखा गुळगुळीत. घडी कागदाला नव्हतीच, ती चित्रात होती. कुठल्यातरी जुन्या, घडी पडलेल्या फोटोची प्रत काढताना घडीही छापली गेली होती.

पुढचं सगळं पाच मिनिटांत उरकलं. भिंग लावलं तर राखाडी छटांच्या जागी शाईचे बारीक शिंतोडे. खऱ्या फोटोत छटा सलग असतात. मग अंधार करून यूव्ही टॉर्च मारला. कागद लख्ख निळा पेटला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात, कपड्यांना नीळ द्यावी तसं. फोटोच्या कागदात ते १९५० च्या सुमारास यायला लागलं. १९१९ चा कागद असा पेटत नाही. पेन्सिल मात्र खरी होती, अगदी ताजी.

मग विमान कुठलं? ते सापडलं तेव्हा संतापापेक्षा हसूच आलं. टेबरचा आराखडा वॉल्टर बार्लिंगचा. तोच पुढे अमेरिकेत गेला आणि तिथल्या लष्करासाठी त्यानं आणखी एक तीन पंखी, सहा इंजिनी धूड काढलं, बार्लिंग बॉम्बर. तेही एकच बनलं, पण ऑगस्ट १९२३ मध्ये ते खरंच उडालं, आणि त्याचे फोटो बरेच छापले गेलेत. माझा फोटो त्यांपैकीच एकाचा. एकाच हाताची दोन विमानं, ठेवण मिळतीजुळती असणारच. फरक पंखांत आहे. टेबरचा मधला पंख इतर दोघांच्या बराच बाहेर येतो, बार्लिंगचा मधला पंख उलट आखूड. म्हणजे बघायची जागा पंखांची टोकं, आणि नेमकी तीच कापलेली. बार्लिंगची सहाही इंजिनं एकाच मजल्यावर आहेत. छापील फोटोत वरच्या मजल्यावर नुसत्या दांड्या दिसतात. माझ्या प्रतीतले ते दोन ठिपके नंतर कुणीतरी घातले होते. जुन्या मासिकांतही फोटोंवर ब्रश फिरवत, पार्श्वभूमी पुसत, कडा गडद करत, त्यामुळे हात फिरवलेला फोटो म्हणजे खोटा असं नाही. पण नसलेली इंजिनं कुणी सहज काढत नाही. हा माणूस विमानांतलं माझ्याइतकंच जाणत होता, कदाचित जास्त.

पैसे ज्या सेवेमार्फत पाठवले तिथे तक्रार केली. त्यांनी साधा प्रश्न विचारला: विक्रेत्यानं काय म्हणून विकलं? मी सगळे निरोप पुन्हा वाचले. त्यानं टेबर हा शब्द एकदाही लिहिलेला नव्हता. ‘मूळ प्रत’ असंही नाही, १९१९ असंही नाही. ‘ट्रंकेत सापडलेला जुना फोटो’, बस्स. बाकी सगळं माझ्या अक्षरात होतं. तक्रार निकाली निघाली.

आता कुणी असा फोटो दाखवला की मी नाव सांगत नाही. आधी चारी कडांसकट पूर्ण फोटो मागतो, मग पाठ, मग फोटो हातात धरून उजेडात हळूहळू कलता केलेला व्हिडिओ. खऱ्या घडीवर उजेड मोडतो. चांदीच्या रसायनानं कागदावर उमटवलेल्या जुन्या फोटोत गडद भागांवर, विशेषतः कडांना, बऱ्याचदा आरशासारखी निळसर झाक येते, तीही कलता केल्यावरच दिसते. व्हिडिओ मागितल्यावर दोघांनी उत्तर देणंच बंद केलं.

गेल्या महिन्यात छंदातल्या एका मित्राचा उत्साहानं फोन आला. कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो निघालाय, तीन पंखांचं विमान, हवेत. मी विचारलं, डावीकडचा खालचा कोपरा दुमडलाय का? तो म्हणाला, ‘हो, तुला कसं कळलं?’ मी विचारलं, नाव सांगितलंस त्याला? पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.